उलटलेली होडी आणि एकटा माणूस

नाशिकच्या मुलाने समुद्राबद्दल लिहायला घेतले की वर्गातली मंडळी हसतात. आपली गोदावरीसुद्धा त्र्यंबकेश्वरला उगम पावल्यावर पश्चिमेच्या जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवून थेट बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. तेव्हा समुद्राचे आणि आमचे काय, हा प्रश्न रास्त आहे. परंतु माझे वडील गंगापूर धरणाच्या फुगवट्यात मासेमारी करतात. १९६५ साली धरण पुरे झाले, आजोबांची शेती पाण्याखाली गेली आणि नांगर धरणारे हात जाळ्याला लागले. कॉलेजात आलेला घरातला मी पहिलाच. त्यामुळे होडी उलटल्यावर एकटा माणूस कशाने मरतो आणि कशाने वाचतो, हा माझ्यापुरता पुस्तकी विषय नाही. पाणी खारे असो की गोडे, उलटण्याचे शास्त्र एकच आहे.

होडी मुळात उलटते का? लाट आली म्हणून, असे आपण सहज म्हणतो. पण बहुतेक वेळा निम्मे काम माणसाने आधीच केलेले असते. होडीत बसलेल्या माणसाचे वजन खाली असते, उभा राहिला की ते वर जाते. त्यातून जाळे नेहमी एकाच बाजूने ओढायचे. ओले जाळे, त्यात अडकलेले मासे आणि ओढणाऱ्याचा तोल, सगळे एका काठावर येते. तळाशी वीतभर पाणी साचले असेल तर तेही त्याच काठाकडे धावते आणि झुकलेल्या होडीला आणखी झुकवते. म्हणून आमच्याकडे जुनी माणसे मासा सोडतील, पण होडीतले पाणी उपसायचे सोडणार नाहीत. दोघे असले तर एक जण ओढतो आणि दुसरा समोरच्या काठावर बसून तोल सांभाळतो. एकट्याला ती सोय नाही.

आता होडी उलटली. पहिले मिनिट सर्वांत वाईट. गार पाण्यात अचानक पडलेला माणूस नकळत जोराने श्वास आत ओढतो, आणि त्याच क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पट्टीचा पोहणाराही संपतो. तेव्हा पहिले काम हातपाय मारणे नव्हे, तर तोंड वर ठेवून श्वास ताब्यात आणणे हे होय. दुसरे काम अंगाभोवतीचे जाळे सोडविणे. नायलॉनचे बारीक जाळे ओढले की अधिकच आवळते. ते कापावेच लागते, म्हणून वडिलांच्या कमरेला लहान सुरी असते. जाळ्याचे मोल मोठे, कापताना हात अडतो. पण तिथे विचार करायला वेळ नसतो.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. होडी सोडू नये. लाकूड पाण्यावर तरंगते, त्यामुळे लाकडी होडी पालथी झाली तरी बुडत नाही. पत्र्याची किंवा फायबरची होडी मात्र तिच्यात हवाबंद कप्पे असतील तरच वर राहते. पालथ्या तळावर निम्मे अंग चढविले तरी पुष्कळ काम झाले, कारण पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातली ऊब ओढून घेते. शिवाय दिसण्याचा प्रश्न आहे. ज्याचे डोळे पाण्याच्या वर जेमतेम वीतभर आहेत, त्याला पाण्याची कड दीड-दोन किलोमीटरवरच संपलेली दिसते, आणि डोंगर दिसला तर तो उगाच जवळ भासतो. शोधणाऱ्याला माणसाचे डोके म्हणजे लाटांत हरवलेला एक नारळ. पालथी होडी मात्र लांबून नजरेत येते.

यावर कोणी म्हणेल, पोहून आलेले लोकही आहेतच की! आहेत. २६ जुलै २०२५ रोजी उरणजवळच्या करंजाची ‘तुळजाई’ ही मासेमारी होडी खांदेरीच्या आसपास खवळलेल्या समुद्रात उलटली. होडीवर आठ जण होते. त्यांपैकी पाच जण आठ-नऊ तास पोहून सासवणेच्या किनाऱ्याला लागले, तिघे गेले. त्या पाच जणांच्या छातीला नमस्कार केला पाहिजे. परंतु पोहून आलेल्याची हकीकत आपल्याला ऐकू येते, वाटेत दमलेल्याची येत नाही, आणि त्यामुळे पोहणे हाच उपाय असा आपला समज होतो. होडी हातची गेलीच असेल तर पोहावे लागते. मग भरती-ओहोटीचा हिशेब करावा. ओहोटीच्या उलट हात मारणे म्हणजे शक्ती पाण्यात घालविणे. साधारण सव्वासहा तासांनी पाणी फिरते, तोवर तरंगत राहावे.

तरंगायला लागते किती? माणसाचे शरीर पाण्यात जवळजवळ तरंगतेच. डोके वर ठेवायला साधारण पाच किलोची उचल पुरते. म्हणजे तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन, बूच घट्ट लावून छातीशी धरला, तर माणूस वर राहतो. जीवरक्षक जॅकेट अधिक चांगले, कारण बेशुद्ध माणूस कॅन धरू शकत नाही. पण ते नाही म्हणून काहीच नाही, असे कशाला? गुडघे पोटाशी आणि हात बगलेशी आवळून राहिले तर ऊब जास्त टिकते. समुद्रात तहान लागली तरी खारे पाणी पिऊ नये. त्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते, ते बाहेर टाकायला मूत्रपिंडाला त्याहून अधिक पाणी लागते, आणि प्यालेला माणूस न प्यालेल्यापेक्षा लवकर सुकतो.

एवढे सगळे पाळले तरी माणसाला फक्त वेळ मिळतो. त्या वेळात कोणीतरी यावे लागते, आणि येणाऱ्याला आधी कळावे लागते. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावस्येच्या उधाणात, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. सकाळची ही गोष्ट मुंबईला कळली ती दुपारी, एक लहान मुलगा तरंगत किनाऱ्याला लागला तेव्हा. रेवसच्या बाजूच्या कोळ्यांनी स्वतः होऊन माणसे बाहेर काढली नसती, तर आकडा आणखी वाढला असता. याउलट २०१८ च्या सप्टेंबरात नौदलाचे अभिलाष टॉमी गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’ नौकेतून एकट्याने जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत होते. ऑस्ट्रेलियातील पर्थपासून सुमारे १,९०० सागरी मैलांवर वादळाने नौका उलथवली, डोलकाठी मोडली, पाठीला जबर दुखापत झाली. ते नौकेतच राहिले. नौका कुठे आहे हे जगाला ठाऊक होते, म्हणून तिसऱ्या दिवशी फ्रान्सचे ‘ओसिरिस’ हे मासेमारीवर गस्त घालणारे जहाज त्यांच्यापर्यंत पोहोचले. पुढे २०२२ च्या शर्यतीत ते दुसरे आले, हे जाता जाता सांगितले पाहिजे.

आमच्या वडिलांच्या बाबतीत उपग्रहाचे काम आईने केले. तीन वर्षांपूर्वी वैशाखात, वळवाच्या वाऱ्याने त्यांची होडी पालथी झाली. आत हवेचे डबे असल्याने ती वर राहिली आणि तिला धरून वडीलही राहिले. काठ दिसत होता, पोहताही येत होते, तरी ते निघाले नाहीत. भाकरी थापून झाल्या तरी होडीचा आवाज नाही, हे आईच्या ध्यानात आले. कोणत्या अंगाला जाळे टाकले हे ते दुपारीच सांगून गेले होते. चुलते बॅटरी घेऊन दुसऱ्या होडीने त्याच अंगाला गेले. नंतर वडील एवढेच म्हणाले, “काठ काय पळून जात व्हता? म्या होडी धरली.”

समुद्रावर आज पुष्कळ सोयी आहेत. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे, बटण दाबताच उपग्रहामार्फत ठिकाण कळविणारे इस्रोचे यंत्र आहे, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी आहे. धरणावर त्यातले काही नाही. ठेका कोणाचा, मासा किती किलो निघाला, याची वही असते; संध्याकाळी पाण्यावर कोण गेले आणि कोण परतले, याची नसते. यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत मी आमच्या वाडीपुरती तशी वही सुरू केली आहे. सध्या तिच्यात अकरा नावे आहेत. ती आमच्याच ओट्यावर खुंटीला टांगलेली असते. प्रत्येक नावापुढे जाळे टाकायची जागा आणि परतायची वेळ असते. लिहिता न येणारे आईला सांगतात, आणि माझी धाकटी बहीण लिहून घेते. वेळेच्या पुढे एक तास झाला की चुलत्यांनी होडी काढायची, असे ठरले आहे. आतापर्यंत दोनदा काढावी लागली. एकदा बल्हे मोडले होते, आणि एकदा गडी पलीकडच्या काठावर पाहुण्यांकडे जेवायला बसला होता.