वृंदावनातील तुळस आणि तिचा परिवार

कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत घरोघरी तुळशीचे लग्न लागते. वृंदावनाला गेरूचा हात दिला जातो, उसाचा मांडव उभा राहतो. आणि नेमक्या याच वेळी पुष्कळ गृहिणींच्या ध्यानात येते की, तुळस खोडाशी कोरडी पडली आहे, पाने बारीक झाली आहेत आणि भोवती मात्र बोटभर रोपांची दाटी झाली आहे. मनाला चुटपुट लागते. तुळस वाळणे हा अपशकुन तर नव्हे? आणि ही इवली रोपे उपटली तर दोष लागेल काय?

तापी व गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशा हे क्षेत्र दक्षिण काशी म्हणून ओळखले जाते. केदारेश्वराच्या या गावात मान बेलाचा. नित्याच्या शिवपूजेत तुळस वाहत नाहीत. परंतु वैकुंठ चतुर्दशीस हरीला बेल आणि हराला तुळस वाहण्याची रीत असल्यामुळे कार्तिकात शिवभक्तांच्या घरीही तुळस लागतेच. म्हणून तिची निगा येथे दुप्पट अगत्याची.

वाळण्याचे कारण बहुधा अगदी साधे असते. तुळस बहुवर्षायू खरी, पण तिचे आयुष्य काही वर्षांचेच. मंजिरीतील प्रत्येक फुलात चारपर्यंत बारीक बिया धरतात. एकदा बी धरू लागले की, झाडाचा सारा जीव तिकडे जातो, खोड लाकडासारखे होते आणि नवी फूट थांबते. गळलेले बी पावसात उगवते व वृंदावनातील ओंजळभर मातीत मातेचा घास लेकरेच वाटून घेतात. त्यात रोज तांब्याभर पाणी पडून माती सतत चिखल राहिली, तर मुळे कुजतात. यात अपशकुन कसला?

उपाय पूजेतच आहे. विष्णूला मंजिरी प्रिय मानली आहे. ती जांभळट, कोवळी असतानाच खुडून वाहावी. बियांसाठी दोन-तीनच पिकू द्याव्यात. द्वादशीस व रविवारी पाने तोडत नाहीत, तो नेम मंजिरीलाही पाळावा.

राहिली रोपे. मुळासकट, मातीच्या गोळ्यासह काढून दुसरीकडे लावणे म्हणजे तोडणे नव्हे. आमच्या मते दाटीत कोंडून मारण्यापेक्षा ती सेवाच होय. चार-सहा पानांची रोपे भाद्रपद-आश्विनात, सायंकाळी काढावीत, हातभर अंतराने लावावीत आणि चार दिवस सावली धरावी. वृंदावनात एकच, फार तर दोन ठेवावीत. कृष्णतुळस हवी असल्यास जांभळ्या देठाचे रोप निवडावे. उरलेली लग्नाच्या दिवशी वाणासारखी शेजारणींना द्यावीत. नव्या घरात राहावयास गेलेल्या सुनेला तर अवश्य.

अंगणातील इतर मंडळीही अशीच पसरतात. सदाफुलीला शेळी सहसा तोंड लावत नाही, म्हणून ती कुंपणापलीकडेही फोफावते. गुलबक्षी वरून कापून भागत नाही. तिचा कंद जमिनीत राहतो व पावसाळ्यात पुन्हा वर येते, तेव्हा कंदच खणावा. गोकर्णाच्या शेंगा तडकण्यापूर्वी काढून घ्याव्यात.

वाळलेल्या तुळशीच्या खोडाचे मणी होतात. वारकऱ्यांच्या गळ्यातील माळ त्याच काष्ठाची. बाकीचा काडीकचरा मात्र निर्माल्य म्हणून तापीत सोडू नये. पावसाळ्यानंतर प्रकाशा येथील बॅरेजमागे पाणी अडवलेले असते. सोडलेले तेथेच कुजते. अंगणातील बेलाच्या आळ्यात पुरावे, खत होईल.

ज्यांची लावणी राहून गेली असेल त्यांनी पौर्णिमेनंतर लगेच उरकावी, कारण मार्गशीर्ष-पौषात तापीकाठी थंडी पडते आणि तुळस पाने गाळते. अशा वेळी नखाने साल किंचित खरवडून पाहावी. आत हिरवे दिसले तर झाड उपटू नये, पाणी कमी करावे. फाल्गुनात ते पुन्हा फुटते.