कोपऱ्यातली फरशी

मराठवाड्यात छताचा विचार पिढ्यानपिढ्या ऊन आणि गळती या दोन गोष्टींभोवती फिरत आला आहे. वैशाखातले ऊन खाली उतरू नये आणि पावसाळ्यातले पाणी भिंतीत मुरू नये, एवढे साधले की छत चांगले, अशी गवंड्याची आणि घरधन्याची दोघांचीही समजूत असते. छत वाऱ्याने वर उचलले जाऊ शकते, ही धास्ती पत्र्याच्या घरात राहणाऱ्यांनाच काय ती ठाऊक असते. शहरांतल्या नव्या इमारतींच्या गच्च्यांवर आता सुटी फरशी मांडण्याची पद्धत येऊ लागली असल्यामुळे ही धास्ती छत्रपती संभाजीनगरातल्या पक्क्या घरांनीही समजून घेण्याची वेळ आली आहे. सुटी फरशी म्हणजे स्लॅबच्या जलरोधक थरावर सिमेंटने न चिकटवता, प्लास्टिकच्या बुटक्या पायांवर किंवा थेट मांडलेली काँक्रीटची अथवा दगडाची लादी. तिच्याखालून पाणी वाहून जाते, मधली हवा उन्हाचा ताप अडवते आणि गळती लागलीच तर दोन-चार लाद्या उचलून दुरुस्ती करता येते. विटेच्या तुकड्यांचा कोबा फोडताना जो धुरळा आणि खर्च होतो, तो टळतो. सोय मोठी आहे, पण ही लादी कशालाही बांधलेली नसते.

जुन्या वाड्यांच्या माळवदाला हा प्रश्न कधीच पडला नाही. सागवानी तुळया, त्यांवर फळ्या किंवा चिपा आणि त्यांवर पांढरीच्या मातीचा जाड थर अशा रचनेत फूटभर मातीचेच वजन चौरस मीटरला चार-पाचशे किलोंच्या घरात जाते, आणि एवढे ओझे हलवील असा वारा या भागात वाहत नाही. ज्या वजनामुळे माळवदाने वाऱ्याला दाद दिली नाही, त्याच वजनाने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात घात केला. मातीत रचलेल्या दगडी भिंती ढासळल्या, माळवदे झोपलेल्या माणसांवर आली आणि सुमारे ८ हजार माणसे दगावली. त्यानंतर जड छताची भीती मराठवाड्याच्या मनात कायमची बसली आणि ती बसणे योग्यच होते. मात्र हलक्या पत्र्याकडे वळताना भूकंपाचे संकट मागे टाकून वाऱ्याचे संकट घरात घेतले जात आहे, हे फारसे कोणी सांगितले नाही.

पत्र्यावर ठेवलेला दगड हे त्या संकटावरचे लोकांनी स्वतः शोधलेले उत्तर आहे. वस्त्यांमधल्या छपरांकडे नीट पाहिले तर दगड सरसकट विखुरलेले नसतात; ते कडांवर, पत्र्यांच्या जोडांवर आणि कोपऱ्यांत असतात, म्हणजे नेमके जेथे वारा पत्र्याला सर्वाधिक ओढतो तेथे. ही जाण अनुभवाची आहे आणि तिचा आदर केला पाहिजे, पण तिची मर्यादा आकड्यांत मांडल्याशिवाय कळत नाही. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस ८७५ या संहितेचा तिसरा भाग वाऱ्याच्या भाराविषयी असून, त्याची सुधारित आवृत्ती २०१५ मध्ये आली. त्यात छत्रपती संभाजीनगरासाठी वाऱ्याचा पायाभूत वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर दिला आहे. मोकळ्या जागेत, जमिनीपासून १० मीटर उंचीवर, तीन सेकंद टिकणारा आणि सरासरी पन्नास वर्षांतून एकदा गाठला जाणारा झोत, असा या वेगाचा अर्थ आहे. वेगाचा वर्ग करून त्याला ०.६ ने गुणले की दाब न्यूटनमध्ये मिळतो; ३९ मीटरला तो चौरस मीटरवर सुमारे ९३ किलो वजनाइतका येतो. दाट वस्तीत वेग कमी धरतात, उंच इमारतीच्या माथ्यावर वाढवून धरतात.

दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. ताशी ६० किलोमीटरच्या वळवाच्या वाऱ्यात तीन चौरस मीटरच्या पत्र्यावर साधारण ५० किलोंची ओढ येते आणि त्या वेळी तीन-चार मोठे दगड घर वाचवतात. तोच वारा ताशी १४० ला पोचला, तर ओढ पावणेतीनशे किलोंपलीकडे जाते. मग पत्रा उडतो आणि दगडही उडतात, आणि असे दगड अंगावर पडून माणसे जखमी झाल्याच्या घटना वादळी पावसात घडत आल्या आहेत. पत्रा वाशाला किंवा लोखंडी अँगलला जे-बोल्टने आवळून आणि तो अँगल भिंतीत खोलवर गाडूनच ही ओढ खाली जमिनीपर्यंत नेता येते.

हाच हिशेब गच्चीवरच्या फरशीला लावला की एक कोडे समोर येते. दोन फूट लांब-रुंद आणि इंचभर जाडीची शहाबादी फरशी साधारण २३ किलो भरते. वाऱ्याचा झोत सपाट छताच्या कोपऱ्यात तिरका शिरतो, तेव्हा दोन्ही कडांवरून सुटलेली हवा गुंडाळली जाऊन तिचे दोन निमुळते भोवरे छताला लागून पसरतात; वावटळ आडवी होऊन गच्चीवर लोळावी तसे. त्या भोवऱ्यांच्या गाभ्यात दाब इतका उतरतो की कोपऱ्यातले शोषण, म्हणजे वरच्या दिशेची ओढ, वर काढलेल्या दाबाच्या दुपटीइतके धरावे लागते. त्या हिशेबाने कोपऱ्यातल्या एका फरशीवर सुमारे ६९ किलोंची ओढ येईल आणि २३ किलोंची फरशी कागदावर तरी उडालीच पाहिजे. प्रत्यक्षात ती बहुधा जागेवर राहते, कारण तिच्या चारी बाजूंच्या फटींतून हवा खाली-वर करू शकते. वरचा दाब उतरला की फटींतून खालची हवाही बाहेर ओढली जाते, खालचा दाबही उतरतो आणि फरशीला प्रत्यक्ष उचलणारा फरक मूळ ओढीपेक्षा पुष्कळ लहान राहतो. या क्रियेला दाबाचे समतोलन म्हणतात. सुट्या फरशीला तिचे वजन धरून ठेवते एवढेच खरे नाही. फट तिला त्याहून अधिक सांभाळते, आणि गच्चीवर काम करणाऱ्या मिस्त्रीला ही गोष्ट समजावून सांगणे आवश्यक आहे, कारण सफाईदार काम म्हणजे फट न दिसणारे काम, असेच त्याला शिकवलेले असते.

फट अरुंद केली आणि पाय उंच केले, तर खालची पोकळी मोठी होते, तिच्यातली हवा झोताच्या वेगाने बाहेर पडू शकत नाही आणि समतोलन अपुरे राहते. गच्चीला भक्कम कठडा नसून नुसता पाइपचा कठडा असेल, तर वारा कडेने थेट फरशीखाली घुसतो आणि वरची ओढ व खालचा रेटा एकाच दिशेने काम करतात. कठडा हवाच, पण वीतभर उंचीचा कठडा कोपऱ्यातले भोवरे मोडत नाही. माणसाच्या कमरेएवढा किंवा त्याहून उंच असेल, तर भोवरे फरशीपासून वर उचलले जातात आणि त्यांचा जोर पसरतो.

हे ज्ञान प्रयोगांतून आले आहे. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेशी निगडित काइंड आणि वॉर्डलॉ यांनी छतावर सुटी पसरलेली खडी वाऱ्याने कशी उडते, याचा वातबोगद्यात अभ्यास करून १९७६ मध्ये आराखड्याची पद्धत मांडली. पुढे ऑगस्ट १९८३ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरावर अ‍ॅलिशिया चक्रीवादळ आले, तेव्हा छतांवरची खडी उडून मध्यवस्तीतल्या उंच इमारतींच्या काचा फुटल्या आणि छतावर सुटे ठेवलेले वजन शेजारच्या इमारतीवर कसे जाऊन आदळते, हे सर्वांनी पाहिले.

उपाय म्हणून फरशी सरसकट जाड करण्याचा मोह होतो. पन्नास मिलिमीटर जाडीच्या काँक्रीटच्या लाद्या चौरस मीटरला १२० किलो भरतात, आणि वावराच्या गच्चीसाठी संहिता माणसे व सामान यांचा जो भार धरायला सांगते, तो सुमारे १५० किलोंचाच आहे. कोबा आधीच घातलेल्या जुन्या स्लॅबवर हे ओझे अभियंत्याला न विचारता चढवू नये. किल्लारीच्या आठवणीचा मान ठेवून गच्चीचे वजन किलोकिलोने मोजले पाहिजे. फरशी सरसकट जाड करण्याऐवजी कोपरे आणि कडा यांवरच खर्च करणे शहाणपणाचे ठरते. तेथल्या लाद्या जड घ्याव्यात, त्यांच्या कडांना खाच-जीभ असावी, म्हणजे एक उचलू लागली की शेजारच्या तिला धरून ठेवतात, किंवा गंज न चढणाऱ्या धातूची पट्टी फिरवून त्या एकमेकींना आणि कठड्याला जखडाव्यात. पाय शक्य तितके बुटके ठेवावेत आणि फटी कचऱ्याने बुजू देऊ नयेत. धुळीच्या या शहरात त्या उन्हाळ्यातच भरून जातात आणि नेमक्या वळवाच्या तोंडावर बंद पडतात.

सर्वांत नाजूक क्षण दुरुस्तीचा असतो. गळती शोधण्यासाठी कोपऱ्यातल्या दोन लाद्या काढल्या, काम दुसऱ्या दिवसावर गेले आणि काढलेल्या लाद्या कठड्याला टेकवून ठेवल्या, की उघड्या खड्ड्याच्या कडेची प्रत्येक लादी एका बाजूने निराधार होते आणि तेथून वाऱ्याला पोकळीत शिरायला मोकळा दरवाजा मिळतो. एक लादी उचलली गेली की वारा पुढच्या लादीखाली जातो, मग तिच्या पुढच्या. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर आभाळ भरून येऊ लागले, तर काम अर्धवट असले तरी लाद्या आधी जागेवर बसवाव्यात आणि कठड्याला टेकवलेली एकही शिल्लक ठेवू नये.