बंद उभी असलेली जुनी गाडी : विमा आणि नोंदणीचा हिशेब

वडिलांची बजाज चेतक, आजोबांची लॅम्ब्रेटा, एखाद्या घरी प्रीमियर पद्मिनी. रोज चालवली जात नाही, पण विकायला मन होत नाही, म्हणून ताडपत्री टाकून उभी असते. अशा गाडीबद्दल खातेदार हमखास विचारतात, "गाडी रस्त्यावरच जात नाही, मग विमा आणि आरटीओचा खर्च कशाला करायचा?"

प्रश्न रास्त आहे. पण विमा आणि नोंदणी यांची उत्तरे वेगवेगळी आहेत. विम्याची सक्ती गाडीच्या वापराशी जोडलेली आहे, तर नोंदणीची मुदत तारखेशी. गाडी थांबली तरी तारीख थांबत नाही. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे पुढे हजारो रुपये भरावे लागतात.

विम्याची सक्ती कुठे लागू होते?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार सार्वजनिक ठिकाणी गाडी वापरायची असेल तर निदान थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे इतरांचे नुकसान झाल्यास भरपाई देणारा विमा, चालू असलाच पाहिजे. तो नसेल तर पहिल्या वेळी २,००० रुपये व पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

स्वतःच्या बंद गॅरेजमध्ये गाडी नुसती उभी असेल तर ही सक्ती लागू होत नाही. मात्र 'सार्वजनिक ठिकाण' म्हणजे फक्त रस्ता नव्हे. जिथे लोकांना मुक्त किंवा नियंत्रित प्रवेश असतो, अशी खासगी मालकीची जागाही विम्याच्या दृष्टीने सार्वजनिक ठिकाण ठरते, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने सांगितले आहे. त्यामुळे सोसायटीच्या आवारात किंवा इमारतीसमोरच्या कडेला उभी असलेली गाडी 'रस्त्यावर नाही' असे गृहीत धरू नका.

दंड हा यातला लहान धोका आहे. बॅटरी उतरू नये म्हणून रविवारी गल्लीत एक फेरी मारली आणि कुणाला धक्का लागला, तर भरपाई मालकाला स्वतःच्या खिशातून द्यावी लागते. मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास ही रक्कम अनेक लाखांत जाऊ शकते. त्यापुढे थर्ड पार्टी विम्याचा हप्ता पाहा. १ जून २०२२ पासूनच्या दरांनुसार ७५ ते १५० सीसी दुचाकीसाठी वर्षाला ७१४ रुपये आणि १,००० सीसीपर्यंतच्या कारसाठी २,०९४ रुपये. त्यावर जीएसटी वेगळा. गाडी महिन्यातून एकदा जरी बाहेर काढत असाल, तरी हा खर्च टाळू नये.

उभ्या गाडीच्या नुकसानीचे काय?

थर्ड पार्टी विम्यात आपल्या गाडीची चोरी, आग किंवा पुराचे नुकसान येत नाही. त्यासाठी वेगळे संरक्षण लागते. एजंटला पुढील गोष्टी विचारा.

• गॅरेजमध्ये बंद ठेवलेल्या गाडीसाठी फक्त आग व चोरीचे संरक्षण मिळेल का? ते सर्वसमावेशक पॉलिसीपेक्षा स्वस्त पडते.

• सर्वसमावेशक पॉलिसी चालू असताना गाडी सलग दोन महिने किंवा अधिक काळ बंद ठेवणार असाल, तर 'ले-अप'ची सोय आहे का? यात आग, चोरी, पूर, भूकंप अशा जोखमी चालू राहतात, बाकी संरक्षण थांबते आणि हप्त्यात सवलत मिळते. गाडी बंद करण्याआधी लेखी कळवा. या काळात गाडी चालवायची नाही.

• गाडीची किंमत काय धरली? पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीची विमा किंमत, म्हणजे आयडीव्ही, कंपनी आणि मालक यांच्या सहमतीने ठरते. नीट जपलेल्या जुन्या गाडीसाठी हे महत्त्वाचे आहे. फोटो, दुरुस्तीची बिले आणि जाणकाराचा मूल्यांकन अहवाल जोडा. आकडा न पाहता सही केली, तर गाडी चोरीला गेल्यावर तेवढेच पैसे मिळतील.

पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केले नाही तर नो क्लेम बोनस जातो. पाच वर्षे दावा न करता मिळवलेली ५० टक्क्यांपर्यंतची सवलत अशी सहज हातची जाते.

नोंदणी : तारीख चुकली तर महिन्याला दंड

खासगी गाडीची नोंदणी पहिल्या १५ वर्षांसाठी असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. शिवाय नोंदणीचे कलम ३९ सार्वजनिक ठिकाणापुरते मर्यादित नाही. 'अन्य कोणत्याही ठिकाणी' गाडी चालवायची असली तरी नोंदणी हवी, असे ते सांगते.

१ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरील दुचाकीची नूतनीकरण फी १,००० रुपये आणि कारची ५,००० रुपये आहे. २० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२५ मध्ये ती अनुक्रमे २,००० आणि १०,००० रुपये झाली. उशीर झाला तर दुचाकीला दरमहा ३०० आणि कारला दरमहा ५०० रुपये जादा.

समजा, स्कूटरला १५ वर्षे पूर्ण झाली आणि त्यानंतर तीन वर्षे कुणी लक्ष दिले नाही. ३६ महिन्यांचे १०,८०० रुपये आणि मूळ फी १,००० रुपये, एकूण ११,८०० रुपये. कारच्या बाबतीत नुसती उशिराची रक्कमच १८,००० रुपये होते. राज्याचा पर्यावरण कर असल्यास तो वेगळा.

नोंदणी संपलेली असली तर विम्याचा दावाही अडचणीत येतो. तात्पुरती नोंदणी संपलेली एक गाडी चोरीला गेली होती. तिच्या प्रकरणात विमा कंपनीला भरपाई द्यावी लागणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला. हप्ता वेळेवर भरूनही नोंदणीकडे दुर्लक्ष केले तर भरपाई हातातून जाऊ शकते.

नूतनीकरणाचा अर्ज, म्हणजे फॉर्म २५, मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत करता येतो. आधी विमा, मग पीयूसी, मग अर्ज आणि तपासणी असा क्रम ठेवा. नोंदणी आधीच संपली असेल तर गाडी तपासणीला चालवत न नेता टोइंगने न्या.

दिल्ली आणि परिसरात जुन्या डिझेल व पेट्रोल गाड्यांबाबत न्यायालयाचे वेगळे आदेश आहेत. तिथल्या वाचकांनी खर्च करण्याआधी सध्याची स्थिती तपासावी.

'क्लासिक' वेगळी, 'व्हिंटेज' वेगळी

'क्लासिक' हा हौशी लोकांचा शब्द आहे. कायद्यात त्याला वेगळी सवलत नाही. तीस वर्षांची गाडी नोंदणीच्या दृष्टीने साधी जुनी गाडीच असते.

'व्हिंटेज' हा प्रकार मात्र जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांत आहे. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेली आणि मूळ स्वरूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात येते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. पहिल्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. नंतरच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या खासगी कारच्या थर्ड पार्टी हप्त्यात ५० टक्के सवलत आहे.

पण अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येऊ शकते. अधूनमधून बाजारात न्यायची असेल तर साधी नोंदणीच ठेवा.

गाडी कुणाच्या नावावर आहे?

मालकाचे निधन झाले असेल तर वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवावे आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करून घ्यावी. विमा कंपनीलाही कळवावे.

जुने कर्ज फिटूनही आरसीवर बँकेची नोंद अनेकदा तशीच राहते. बँकेकडून ना-हरकत प्रमाणपत्र आणि फॉर्म ३५ घेऊन ती काढून घ्या. गाडी विकताना किंवा मोडीत काढताना ही नोंद आडवी येते.

ठेवायची नसेल तर

भंगारवाल्याला नुसती चावी देऊ नका. नोंदणी तुमच्या नावावर राहिली तर कायद्याच्या नजरेत मालक तुम्हीच. पुढे त्या गाडीने अपघात झाला तर जबाबदारी तुमच्यावर येते. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात गाडी द्या, जमा प्रमाणपत्र घ्या आणि नोंदणी रद्द झाल्याची खात्री करा. या प्रमाणपत्रावर नवी खासगी गाडी घेताना वाहन करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद आहे, प्रत्यक्ष दर राज्य सरकार ठरवते.

आजच करा

१. आरसी काढून नोंदणीची शेवटची तारीख, मालकाचे नाव आणि बँकेची नोंद तपासा.

२. गाडी कधीही बाहेर निघणार असेल तर थर्ड पार्टी विमा चालू ठेवा.

३. पुढच्या पाच वर्षांचा विमा, फी, कर आणि देखभाल यांची बेरीज करा. गाडी ठेवायची ठरली तर ही रक्कम पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीत दरमहा बाजूला टाकायला सुरुवात करा. ठेवायची नसेल तर कागदोपत्री नीट निरोप द्या. काहीच न ठरवता गाडी तशीच उभी ठेवणे सर्वांत महाग पडते.