काळा कातळ, लाल ओटा आणि मीटरचा आकडा

वाईचा घाट आणि अजिंक्यताऱ्याची तटबंदी एकाच काळ्या दगडाची. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा बेसाल्ट किरणोत्साराच्या बाबतीत गरीबच म्हणायचा. युरेनियम, थोरियम, पोटॅशियम, तिन्ही त्यात ग्रॅनाइटच्या मानाने कमी. त्यामुळे सातारा-सांगलीत किरणोत्सार मोजून इमारत तपासायला निघालेल्याची पंचाईत वेगळीच. मुळातला आकडा इतका खालचा, की स्वयंपाकघरातल्या लाल ग्रॅनाइटच्या ओट्यावर मीटर जरा चढला तरी कुणीतरी काहीतरी सांडलंय असा संशय येतो. शेजारच्या घरी कडप्प्याचा ओटा असेल तर तो बळावतोच. पण चढा आकडा निसर्गाचाही असू शकतो: केरळात करुनागप्पळ्ळीच्या मोनाझाइटच्या वाळूवर याहून कितीतरी चढ्या आकड्यात पिढ्यान्‌पिढ्या वस्ती आहे.

नैसर्गिक किरणोत्साराची जागतिक सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट सांगतात. ओटा तपासताना तिचा काडीचा उपयोग नाही. त्यातला निम्मा वाटा तर रेडॉन वायूचा. तुलना करायची ती दुकानात उरलेल्या त्याच खाणीच्या तुकड्याशी, त्याच भट्टीच्या विटेशी. आकडा ओटाभर सारखा राहिला आणि ओटा संपताच उतरला, तर तो दगडाचाच. फरशीच्या सांध्यात, मोरीच्या तोंडाशी ठिकठिकाणी उसळत असेल, तर मात्र ओलं फडकं फिरवावं. ग्रॅनाइटमधला थोरियम पुसून येत नाही, सांडलेली भुकटी येते.

फडकंही फसवतं. बंद खोलीतली धूळ पुसून लगेच मोजली की मीटर बोलू लागतो. ती रेडॉनची पिल्लं, म्हणजे रेडॉनच्या क्षयातून तयार होणारी मूलद्रव्यं, धुळीला चिकटून बसलेली. त्यांतल्या मुख्य दोघांचं अर्धायुष्य २७ आणि २० मिनिटं, म्हणून तीन-चार तासांनी तेच फडकं बहुतेक गप्प होतं. सांडलेलं सीझियम किंवा कोबाल्ट असं गप्प होत नाही. मुसळधार सरीनंतर गच्चीवर आकडा तासाभरासाठी चढतो, तोही याच पिल्लांमुळे. एवढ्यावरही शंका उरली तर गॅमा स्पेक्ट्रोमीटर लावायचा. पोटॅशियमचं शिखर १४६० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला, सीझियम-१३७चं ६६२ला, कोबाल्ट-६०ची जोडी ११७३ आणि १३३२ला. इथे बहुतेक वाद संपतो.

कोबाल्टचं प्रकरण महाराष्ट्राला परकं नाही. २००८ साली फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडलं, त्या बटणांचं पोलाद महाराष्ट्रातल्या एका फाउंड्रीतून गेलेलं. बटणं हाताळणाऱ्या वीसेक कामगारांना १ ते ३ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळाली होती. तैवानात तर १९८०च्या दशकातल्या इमारतींच्या सळयाच तशा निघाल्या. भंगारात कुणाचा तरी जुना किरणोत्सारी स्रोत वितळला की असं होतं. म्हणून आकडा कॉलम आणि बीमच्या रेषा धरून चढत असेल, तर तो सगळीकडे सारखा आहे म्हणून ओट्यासारखा सोडून देता येत नाही.

आणि उलटही घडतं. वरातीत डोक्यावर मिरवायच्या गॅसबत्त्यांची जाळीदार मँटल्स वर्षानुवर्षं थोरियमच्या क्षारात भिजवलेली असत. ज्या दुकानात ती वर्षानुवर्षं हाताळली, फुटली, झाडली, तिथल्या फरशीवर स्पेक्ट्रोमीटर थोरियमच दाखवेल, खाणीतल्या दगडासारखाच. पण फडक्यावर भुकटी आली, तर ती दूषितताच धरून ओल्या फडक्याने टिपून घ्यावी लागते. झाडू मारला तर ती हवेत उडून नाकात जाते.