बेअरिंगचा पहिला ठोका

भोसरीतले जुने फिटर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या हाउसिंगवर टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि ‘हे गेलंय’ म्हणून सांगतात. त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही. पण आवाज कानाला कळेपर्यंत बेअरिंग बरंच खराब झालेलं असतं. माझं काम त्याच्या आधीचं. भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांत मोटरींना लोहचुंबकाने सेन्सर चिकटवायचा, कंपनं नोंदवायची आणि त्यांत बिघाडाची खूण शोधायची.

६२०५ नंबरचं बेअरिंग घ्या, कुठल्याही दुकानात मिळणारं. आत ९ बॉल. मोटर १,४४० आरपीएमची, म्हणजे सेकंदाला २४ फेरे. बाहेरच्या रेसवर, म्हणजे बॉल ज्यावरून फिरतात त्या कड्यावर, बारीक खड्डा पडला, की त्यावरून सेकंदाला सुमारे ८६ बॉल जातात. दर वेळी ठोका बसतो, हाउसिंग झणझणतं आणि काही मिलिसेकंदांत शांत होतं. शेजारी पॉवर प्रेस चालू असेल तर हे सगळं त्या धडधडीत बुडून जातं.

नेहमीचं एफएफटी, म्हणजे फास्ट फूरिये ट्रान्सफॉर्म हे गणित, नोंदीत कोणते सूर आहेत ते सांगतं. ते केव्हा वाजले, हे त्याच्या आलेखात दिसत नाही. क्षणभराचा ठोका तर त्यात सगळ्या सुरांवर विखुरतो. फ्रान्समध्ये तेलसाठे शोधणाऱ्या जाँ मोर्ले यांना १९८०च्या सुमारास भूगर्भातून परतणाऱ्या लहरींबाबत हीच अडचण होती. उठून लगेच विरणारी लहानशी लहर, म्हणजे वेव्हलेट, त्यांनी मोजपट्टी म्हणून वापरली.

यातली सर्वांत साधी रीत आल्फ्रेड हार यांची, १९१० सालची. ती वहीतही करून बघता येते. आकडे घ्या : ६, ४, ५, ५, ५, १३, ५, ५. दोन-दोनच्या जोड्या करा. सरासऱ्या येतात ५, ५, ९, ५. प्रत्येक जोडीतला पहिला आकडा सरासरीपासून किती दूर? १, ०, −४, ०. ठोका −४ मध्ये सापडला, आणि तो तिसऱ्या जोडीत आहे हेही कळलं. मग सरासऱ्यांवर पुन्हा हीच क्रिया.

मी सेकंदाला २५,६०० नोंदी घेतो. पहिल्या पायरीला ढोबळमानाने ६,४०० ते १२,८०० हर्ट्झचा पट्टा वेगळा निघतो, दुसरीला ३,२०० ते ६,४००, असं निम्म्या-निम्म्याने खाली. हाउसिंगचं झणझणणं बहुधा वरच्या पट्ट्यांत सापडतं. तोल गेलेल्या शाफ्टचं २४ हर्ट्झचं कंपन तळाशी राहतं. प्रत्येक पट्ट्याची ऊर्जा काढायची आणि कर्टोसिस, म्हणजे टोकदारपणाचं माप. साध्या गोंगाटाला ते ३च्या आसपास असतं, ठोके असले की चढतं. हजारो नोंदींतून असे दहा-बारा आकडे हाती येतात आणि त्यांवरून संगणकाला चांगलं-खराब ओळखायला शिकवता येतं.

मात्र प्रेसच्या दणक्यानेही कर्टोसिस चढतं. म्हणून ज्या पट्ट्यात ते चढलं त्यातल्या ठोक्यांची लय बघावीच लागते : सेकंदाला ८६ असले तर बाहेरची रेस, १३०च्या आसपास असले तर आतली. आणखी एक धोका आहे. खड्डे रेसभर पसरले की ठोके एकमेकांत मिसळतात आणि चढलेलं कर्टोसिस पुन्हा उतरतं. फक्त आजचा आकडा बघणाऱ्याला वाटतं, बेअरिंग ठीक आहे. ऊर्जा मात्र तोवर कितीतरी वाढलेली असते, आणि ती वाढ दिसायला आधीची नोंद जवळ हवी.

म्हणून छोट्या वर्कशॉपच्या मालकांनाही मी आग्रहाने सांगतो : नवं बेअरिंग बसवलं की थोडं चालू द्या आणि त्याच आठवड्यात पहिली नोंद घ्या, नेहमीच्या लोडवर. सेन्सरच्या जागेवर रंगाने खूण करा. पुढच्या वेळी तो दोन इंच सरकला तरी आकडे बदलतात.