आखाड्यातली शिस्त कोणासाठी?

मागे बसलेल्यांना ऐकू येतंय ना? बरं.

मुलाला आखाड्यात किंवा कराटेच्या वर्गात घालताना पालक आम्हाला बहुतेक एकच गोष्ट सांगतात, "सर, याला जरा शिस्त लावा." शिस्त म्हणजे सांगितलं ते मुकाट्याने ऐकणं, असा आपला समज असतो. पण आखाड्यातले नियम नीट पाहिले, तर त्यातले बरेचसे वस्तादांच्या मानासाठी नाहीत. ते समोरच्या जोडीदाराच्या शरीरासाठी आहेत. आज तेवढंच बोलायचं आहे.

सुरुवात मातीपासून करू. आपली वर्ध्याची काळी माती कपाशीला चांगली, पण उन्हाळ्यात ती टणक होते, तिला भेगा पडतात. अशा जमिनीवर कोणी पाठीवर पडला तर काय होईल? म्हणून कुस्तीच्या हौद्यात तांबडी माती असते. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस मिसळतात आणि ती वरचेवर खणून भुसभुशीत ठेवतात. हे खणणं पठ्ठ्यांनीच करायचं असतं. त्यात खांद्याला, कमरेला व्यायाम होतोच. पण मातीत खडा राहिला तर तो कोणाच्या तरी पाठीत रुतणार, हेही कळतं. आज मॅट आली, तरी ती पुसायचं काम उरतंच. न पुसलेल्या मॅटवरून गजकर्ण एकाचं दहा जणांना होतं. नखं कापणं, अंगठी-कडं काढून ठेवणं, अंगावर चट्टा असेल तर त्या दिवशी कुस्ती न धरणं, हे सगळं त्याच हिशेबात येतं.

आता नमस्काराचं बघा. हौद्यात उतरताना आपण मातीला हात लावून कपाळी लावतो, जोडीदाराशी हात मिळवतो. जपानात जिगोरो कानो यांनी १८८२ साली ज्युदोची कोदोकान ही शाळा काढली. तिथेही जोडीदाराला वाकून नमस्कार करूनच सराव सुरू होतो. 'जिता क्योएई', म्हणजे आपलं आणि दुसऱ्याचं मिळून भलं, हे त्यांचं तत्त्व. जोडीदाराने हाताने थाप मारली की पकड तिथल्या तिथे सोडायची. तो आपलं मनगट, मान आपल्या हातात देतो, ते या भरवशावर.

हा विचार वर्धेकरांना परका नाही. इथून आठ किलोमीटरवर सेवाग्राम. १९३६ साली गांधीजी तिथे राहायला आले. आश्रमात संडाससफाईसुद्धा राहणाऱ्यांनीच करायची होती. १९३७ च्या वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून नई तालीम पुढे आली, तिच्यातही हाताचं काम शिक्षणाच्या मध्यभागी होतं. मग आखाड्यातला झाडू फक्त नवीन, लहान पोरांच्याच हातात का? पाळी लावा. त्या पाळीत जुन्या पठ्ठ्यांचं नाव हवं, आमचंही हवं.

आता जरा अवघड भाग. मान ठेवणं आणि गप्प बसणं यांत फरक आहे. २०२३ मध्ये देशाच्या नावाजलेल्या महिला कुस्तीगीर लैंगिक छळाची तक्रार घेऊन दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. आमच्या खेळात शिकवताना अंगाला हात लागतोच. म्हणून जबाबदारी आधी शिकवणाऱ्याची. हात कुठे आणि कशासाठी लावतोय ते आधी सांगायचं. सराव उघड्या दारात, पालकांना कधीही येऊन बघता येईल असा ठेवायचा. दुखापत झालेल्याला "मर्द बन" म्हणून उतरवायचं नाही. वजन उतरवायला पोराला उपाशी ठेवायचं नाही. मुलांच्या बाबतीत तर २०१२ चा पोक्सो कायदा आहे. असा प्रकार कळला तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे, तो भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

तेव्हा पुढच्या वेळी मुलाला घालायला याल, तेव्हा "शिस्त लावा" एवढंच सांगून जाऊ नका. आम्हाला तीन गोष्टी विचारा. हौदा कोण खणतं? थाप मारली की पकड सुटते का? आणि पोराला "नाही" म्हणता येतं का? उत्तर देताना आम्ही चिडलो, तर दुसरा आखाडा बघा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.