वीज धूळ पकडते, वायू नाही

भोपाळच्या गोविंदपुरा-पिपलानी भागात भेलचा भव्य कारखाना आहे आणि शहराच्या उत्तरेला युनियन कार्बाइडचा गंजलेला सांगाडा. विजेची अवजड यंत्रे घडवणाऱ्या या शहरात एक प्रश्न साहजिकच मनात येतो. धुराड्यातली धूळ विजेने पकडता येते, तर १९८४ मध्ये युनियन कार्बाइडमधून सुटलेला विषारी वायू का नाही पकडता आला? याचे उत्तर शिसे-तांब्याच्या जुन्या भट्ट्यांनी कधीच देऊन ठेवले आहे.

१८८५ साली वेल्समधल्या बॅगिल्ट इथे शिशाच्या कारखान्यात आल्फ्रेड वॉकर यांनी मोठे धाडस केले. भट्टीतून निघालेली शिशाची वाफ थंड होऊन तिची विषारी भुकटी बने आणि धुराबरोबर उडून जाई. लिव्हरपूलचे भौतिकशास्त्रज्ञ ऑलिव्हर लॉज यांनी दाखवून दिले होते, की धूर भरलेल्या भांड्यात विद्युतभारित टोक धरले की धूर झपाट्याने निवळतो. वॉकर यांनी तीच युक्ती धुराच्या मार्गात वापरून पाहिली, पण ती फसली. फिरत्या तबकड्यांची विमशर्स्ट यंत्रे पुरेसा प्रवाह देईनात. शिवाय शिशाची भुकटी विजेला फार रोध करते, म्हणजे पकडायला सगळ्यात अवघड धूळच त्यांच्या वाट्याला आली होती. कल्पना खरी होती, तिला साजेशी साधने अजून यायची होती.

ती कॅलिफोर्नियात फ्रेडरिक कॉट्रेल यांच्या हाती आली. रोहित्राने दाब वाढवायचा आणि फिरत्या दिष्टकारकाने प्रवाह एकाच दिशेचा करायचा, हे तोवर शक्य झाले होते. कापूस गुंडाळलेली एक तार अंधारात जांभळी चमकताना त्यांना दिसली. कापसाच्या असंख्य तंतूंच्या टोकांतून वीज हवेत झिरपत होती. त्या झिरपणाऱ्या विजेने हवेत आयन तयार होतात, ते धुळीच्या कणांना चिकटतात आणि भारित कण समोरच्या पत्र्याकडे ओढले जातात. पत्र्यावर ठोके दिले की साचलेली धूळ खाली पडते. १९०८ साली पेटंट मिळाले. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठी सेल्बीच्या भट्टीवर सल्फ्युरिक आम्लाचे तुषार याच रीतीने अडवले गेले. १९१२ मध्ये कॉट्रेल यांनी पेटंटचे हक्क ‘रिसर्च कॉर्पोरेशन’ या नव्या संस्थेला देऊन टाकले, म्हणजे त्याचे उत्पन्न संशोधनाला मिळावे. हे औदार्य मला त्यांच्या यंत्राइतकेच मोठे वाटते.

मर्यादाही लगेच उघडी पडली. बालाक्लाला या तांब्याच्या कारखान्यात १९१० साली हे यंत्र बसले आणि त्याने बरीचशी धूळ अडवली. सल्फर डायऑक्साइड मात्र सरळ निसटला. पिके जळतच राहिली, शेतकऱ्यांनी विरोध सोडला नाही आणि पुढच्याच वर्षी भट्टी बंद पडली. वायूचा रेणू भारित झाला तरी पत्र्यावर भार सोडून पुन्हा हवेत मिसळतो, कणासारखा साचून राहत नाही. त्याला रसायनानेच बांधावे लागते किंवा जाळावे लागते.

भोपाळला हे ठाऊक नव्हते असे नाही. तिथल्या मिथिल आयसोसायनेट या वायूसाठी कॉस्टिक सोड्याचा स्क्रबर होता, वायू जाळणारा मनोराही होता. पण २ डिसेंबरच्या रात्री सुमारे ४० टन वायू सुटला, तेव्हा मनोऱ्याकडे जाणारी नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती, स्क्रबर एवढ्या लोटापुढे अपुरा होता आणि टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिने आधीच बंद केलेली होती. विज्ञान कमी पडले नव्हते, ते वापरात ठेवले गेले नव्हते.

आज कोळशाच्या वीजकेंद्रांतली राख ईएसपीत, म्हणजे कॉट्रेल यांच्याच यंत्राच्या वंशजात, ९९ टक्क्यांहून अधिक अडवता येते. भेलच्या तमिळनाडूतील रानीपेट कारखान्यात ही यंत्रे बनतात. सल्फर डायऑक्साइडसाठी मात्र चुनखडीचा वेगळा संच लागतो. त्या वायूवर डिसेंबर २०१५ मध्ये मर्यादा आली, मुदती वाढत गेल्या आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना या संचातून सूट मिळाली. ज्या देशात भोपाळ घडले, तिथे ही सूट मला पटत नाही.